गोलाई

चांदणी चौक सोडला तेव्हा बाबांनी घड्याळ पाहिलं,
पिरंगुटच्या कारखान्यांपाशी पुन्हा एकदा.
पौडला चहा. तिथल्या बाकाच्या फळीवरून
अंगठा फिरवून म्हणाले, "ऐन. ओला कापलाय."
एकोणचाळीस वर्षं टिंबर मार्केटात,
आधी करवतीवर, मग मोजणीला.
डाव्या हाताची अर्धी करंगळी तिथेच राहिली,
उजव्या कानामागची पेन्सिल मात्र घरी आली;
आंघोळ झाली की आधी ती, मग चष्मा.

मी म्हटलं होतं, "एक जुनी देवराई आहे, मुळशीच्या पलीकडे."
"देवळात जायचंय तर तसं सांग," ते म्हणाले होते.

धरणाच्या कडेकडेनं रस्ता वळत राहिला.
पाणी उतरलेलं, तांबडा काठ उघडा.
बाबा सगळीकडे लाकूडच बघत होते:
खांबाला टेकवलेली शिडी, कुठल्याशा रिसॉर्टचं फाटक,
टेम्पोतली निलगिरी. "सहा इंची. सेंट्रिंगला."

गाडी जिथे थांबते तिथे धोंडाबाई मरगळे.
"वहाणा हितं काढा. आन् आतली काडीबी भाईर न्यायची न्हाई.
वाळल्याली असूं दे, पडल्याली असूं दे."
बाबांनी मान डोलावली,
मालकासमोर डोलवायचे तशी.

आत उन्हाचं काही चालत नव्हतं.
पाचोळा घोट्याएवढा, त्याखाली ओल,
गारंबीची वेल या झाडावरून त्या झाडावर,
कुणी दोरखंड बांधून विसरून गेल्यासारखी.
वर शेकरू कुणावर तरी खेकसत होतं.

मग तो बेहडा.
आधी वाटलं, भिंतच आहे.
बुंध्याच्या दोन पाख्यांमध्ये म्हैस बसेल एवढी जागा.
बाबा थांबले. खिशातून टेप निघाला.
मला लाज वाटली, मी धोंडाबाईंकडे पाहिलं.
"मोजूं द्या की," त्या म्हणाल्या, "मोजून काय कमी व्हतंय?"

टेपचं टोक मी धरलं.
ते झाडामागे गेले, दिसेनासे झाले.
नुसता पाचोळ्याचा आवाज,
आणि माझ्या चिमटीत टेपची ओढ,
लहानपणी पतंगाच्या मांज्याला यायची तशी.
टेप संपला. "बोट ठेव तिथं." पुन्हा.
तीनदा बोट ठेवलं मी त्या सालीवर.
दुसऱ्या बाजूने ते उगवले, ओठ हलत होते:
गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी.

लांबीपाशी अडले.
मान वर केली, आणखी वर, टोपी पडली.
पानं, त्यावर पानं, त्याच्याही वर पानं,
मग एक निळा ठिपका,
आकाशाचा, नाहीतर डोळ्यांतलाच.
पेन्सिल कानामागून काढली. पुन्हा ठेवली.

"माझ्याकडे," बाबा म्हणाले.
खोकला आला, तो जुना, भुशाचा.
"माझ्याकडे झाडं आडवीच आली गं.
सगळी."

धोंडाबाई जरा लांब गेल्या,
तिकडे काही काम नसताना.

परतताना पौड ओलांडलं,
आणि त्यांच्या विजारीच्या दुमडीतून बेहड्याचं फळ पडलं,
करड्या लवेचं, गोटीएवढं.
"वळव."
"बाबा, किती लांब आलोय. अंधार पडेल."
"वळव गं."
वळवली. पेट्रोल, उशीर, उद्याचं ऑफिस,
सगळं मनात बोलून घेतलं, तोंडाने नाही.

कुत्रं भुंकलं. धोंडाबाईंकडे बल्ब लागला होता.
गाडीच्या उजेडात बाबा अनवाणी
राईच्या काठापर्यंत गेले, वाकले,
आणि ठेवता ठेवता ते फळ मातीत बोटाने जरा दाबलं.
मग बराच वेळ उठले नाहीत. गुडघे,
असं मला नंतर सांगितलं.

साडेनऊला चांदणी चौकात सगळं ठप्प.
पुढे ट्रक, ट्रकात ओंडके,
बाहेर आलेल्या टोकांना लाल फडकं.
एरवी मोठ्याने मोजतात.
माझा हात सवयीने हॉर्नकडे गेला.
"नको वाजवूस," बाबा म्हणाले.