चार बोटं

अठराशे शहाऐंशी, मे महिन्यातला शेवटचा सोमवार.
जॉर्जियात, मेकनच्या अलीकडे आमचं गाव.
गाव कसलं, इंजिनाची पाण्याची टाकी
आणि तिच्या आधाराने टेकलेली सतरा घरं.

पहाटे साडेतीनला कंदील लागले.
मी नऊ वर्षांची, गँगला पाणी द्यायला:
एका हातात बादली, दुसऱ्यात भोपळ्याचं ओगराळं.
वडील, ओबेडाया टार्व्हर, पट्टीवर विश्वास नसलेला माणूस.
अंगठा दुमडून त्यांनी तळहात रुळाला आडवा लावला,
"एवढंच. चार बोटं आत."

एवढंच.
समुद्रापासून मिसिसिपीपर्यंत
लोखंडाचा अख्खा पसारा
दोन दिवसांत उत्तरेच्या मापाला बसवायचा.
युद्ध संपून एकवीस वर्षं झाली होती.
रूळ आज शरण येत होते.

नवे खिळे आठवडाभर आधीच ठोकून ठेवलेले,
स्लीपरांवर रांगेत उभे, कुणाची तरी वाट बघत.
जुने उपसताना लाकूड किंचाळायचं.
मग पहारी एकदम खाली,
"हं... हं... आत्ता!"
आणि झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा रूळ
कुरकुरत कूस बदलायचा.

दोन दिवस एकही गाडी नाही.
बेडूक इतके जवळ ओरडतात हे मला माहीतच नव्हतं.
आई म्हणाली, माझे कान दुखायला लागले.
दहा पंचावन्नच्या मालगाडीवर भात उतरवणारी ती,
सोमवारी भात करपला.

पहिल्या येणाऱ्या गँगला पंचवीस डॉलर.
म्हणून मंगळवारी घाई झाली.
दुपारी, टाकीपासून साठ पावलांवर,
लूशसचा हात रुळाखाली राहिला.
माझा भाऊ. सोळा वर्षांचा.
मी धावले, ओगराळ्यातलं पाणी त्याच्या हातावर ओतलं,
मग बादली.
मग काय ओतायचं ते कळेना.

बक्षीस गॉर्डनच्या गँगने नेलं.
रात्री पहिली गाडी आली, हळू,
नव्या चपला घालून चालावं तशी.
टोप्या उडाल्या, मुकादमाने पिस्तूल झाडलं.
वडील बघत नव्हते.
त्यानंतर कुणी विचारलं, किती सरकवला हो रूळ,
तर ते पट्टी शोधायचे.

सहा वर्षांनी लूशस उत्तरेला गेला.
सिनसिनाटीहून पत्र आलं, डाव्या हाताने लिहिलेलं:
गाडी कुठेच बदलावी लागली नाही,
बाबांना सांगा, त्यांचा रूळ सरळ आहे.
खाली बारीक अक्षरात,
नदी ओलांडेपर्यंत इंजिनामागच्या आपल्या डब्यात होतो,
सदरा धुतला, तीन वेळा,
काजळी गेली नाही.

वडिलांनी पत्र दोनदा वाचायला लावलं.
दुसऱ्यांदा "सरळ आहे" इथे थांबवलं.

जुन्या रुळाची गंजकी रेघ
स्लीपरांवर बरीच वर्षं दिसायची,
नव्याला समांतर, चार बोटं बाहेर.
खिळ्यांच्या भोकांत पाऊस साचायचा,
मुंग्या राहायच्या.
ते स्लीपर एकेक करून कुजले, बदलले गेले.
एक आम्ही उचलून आणला.
आमच्या दाराची पायरी तोच आहे.
संध्याकाळी बसते तिथे.
बोट आपोआप भोकात जातं,
तळाशी राळ आहे,
अजून चिकटते.