रकाना सात

अर्जात लिहिलंय: ‘आपल्या संशोधनकार्याचा आढावा.
शब्दमर्यादा अडीचशे.’
म्हणजे वर्षाला दहा.

पहिली वर्षं रबाळ्यात गेली,
पॉवर प्रेसवरच्या एकशे बारा माणसांच्या कानांत.
एकशे तेरावा माझ्याच घरी जेवत होता.
गाईड म्हणाले, त्यांना नमुन्यात घेऊ नका, हितसंबंध येतो.
बरोबरच होतं. येतो.

जमीन सिडकोला गेली, दाखल्यावर नोकरी आली,
आणि घणसोलीत आमचं घर
चार घरांना ऐकू जाऊ लागलं.
कॉलेजात गेल्यावर मला कळलं,
लोक मीठ हळू आवाजात मागतात.

बूथ नेरूळच्या एका तळघरात. दार शीतगृहासारखं जड.
उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली,
चार हजार हर्ट्झपाशी रेघ खचते,
सगळ्यांची, तिथेच.
प्रबंधात मी तीन पानं खर्चून ते समजावलं.
बाबांनी आलेख आधी उलटा धरला, मग सुलटा.
‘बांधाला खांड गेली गो ही.’
हे संदर्भसूचीत घालता आलं नाही.

मग ती चूक.
प्रमाण शब्दसूची, पंचवीस शब्द, ऐका आणि परत म्हणा.
मी म्हणाले ‘पाणी’,
तळवलीचे पदाजी भोईर म्हणाले ‘पानी’.
मी फुली मारली.
‘बाळ’. ‘बाल’. फुली.
बेरीज केली, शिक्का मारला.
बाहेर येऊन त्यांनी विचारलं, ‘पोरी, कुनाची तू?’
शाळेत पट्टी खाऊन शिकलेला माझा ण
तेव्हा कुठे ठेवावा कळेना.
त्यांचा कान तेवढा वाईट नव्हता. यादी बहिरी होती.

नवी यादी करायला सात वर्षं लागली,
गावकीच्या बैठकांत, मासळीच्या पाट्यांपाशी, एका हळदीत.
एका परीक्षकाने शेरा लिहिला:
ही बोली तोवर टिकणार आहे का?
उद्धरणं नऊ. त्यांतली चार माझीच.

एका रविवारी शिपायाकडून किल्ली मागून घेतली.
बाबा काचेपलीकडे, हेडफोन टोपीवरच चढवलेला,
तो काढायला लावला, टोपी मांडीवर.
ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे कागद धरला
आणि अकरावा शब्द म्हणाले:
‘शेत.’

बराच वेळ काही नाही.
मग त्यांचा आवाज स्पीकरमधून आला, नेहमीसारखा मोठा:
‘गेला.’

बरोबर की चूक,
त्या चौकटीत अजून
पेन्सिलीचा ठिपकाच आहे.