परसातून, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात

बेर्नार्दिना, तू फोनवर विचारलंस, भेंडी कशी आहे,
आणि तेवढ्यात तुझ्याकडे कसलासा सायरन वाजत गेला,
म्हणून मी नुसतं 'बरी आहे' म्हटलं.
आता नीट सांगते.

बरी नाही. म्हणजे, काही बरी आहे.
राखेच्या बाटलीतून तुझं बी काढलं, एकतीस दाणे,
रात्रभर भिजवले. सतरा उगवले.
सहा वाळवीने नेले,
दोन माझ्याच चपलेखाली गेले, हे कुणाला सांगू नकोस.
नऊ झाडं कमरेला लागलीत.
पहिल्या भेंडीच्या शिरा बोट फिरवून मोजल्या: सात.
दुसरीच्या सात. तिसरीच्या आठ.
पुन्हा मोजल्या. आठच.
तिला लाल दोरा बांधून झाडावरच ठेवली.

तांबडी भाजी शिगम्यापर्यंत पुरली.
शेवटच्या जुडीचे देठ इतके जून
की सोलताना नखं रंगली,
आणि पोस्टमन म्हणाला, काय बाई, नेलपॉलिश?

वांगी हट्टाला पेटलीत. फूल धरतात, टाकतात.
मिरच्यांना मासळी धुतलेलं पाणी घालते, तू घालायचीस तसं,
आणि मग मांजर दुपारभर वाफ्यात बसून राहतं,
जणू मिरचीला बांगडा लागणार आहे.

विहिरीचे नऊ चिरे उघडे पडले.
दहावा ओला आहे, त्याच्यावर बेडूक.
तो खाली सरकला की मी पाण्याचा हिशेब बदलते:
काकडीला पूर्ण, दोडक्याला अर्धं,
झेंडूला नुसतं तोंडाने 'उद्या'.
अळू मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर
सावकारासारखं फुगलंय.

आणि मोर.
तुमच्या बंद घराच्या कौलांवरून उतरतात.
फोटोत बघून तुझी सून म्हणेल, अगंबाई, मोर!
इथे येऊन बघ म्हणावं,
चवळीच्या कोवळ्या शेंगा एकेक करून
कसा वसुलीला आल्यासारखा टिपतो.

बाबलो म्हणाला, कॅसेटची फीत बांधा,
वाऱ्यावर घुमते, ते बिचकतात.
माळ्यावरच्या डब्यातून हाताला आली ती घेतली,
काठ्यांना वेढे दिले, उन्हात लखलखली,
संध्याकाळी मांडवीवरून वारा सुटला
तशी सगळी चवळी घूं घूं करायला लागली.
मग खाली पडलेलं खोकं उचललं.
आत पुरसोचं अक्षर:
'जत्रेचं नाटक, तालीम, अंक दुसरा. पुसू नये.'

वाजवायला टेपरेकॉर्डर कुठे आहे?
तो भंगारवाल्याने नेला, वर मलाच ऐकवलं, वजन नाही याला.
तरी सोडवायला गेले.
दोन वेढे सुटले,
तिसऱ्याला चवळीच्या वेलाने पीळ घातला होता.
चार दिवसांत.
ओढली तर फीत तुटते, नाहीतर वेल.
राहू दिली.

मोर दोन दिवस बिचकले.
तिसऱ्या दिवशी त्यातला एक कुंपणावर बसून
मान वाकडी करून ऐकत होता.
पुरसोच्या तालमीला इतका वेळ कुणी थांबलं नाही ग.
मीसुद्धा, कढी उतू जाईल म्हणायची
आणि आत जायची.
कढी तेव्हा चुलीवर असायचीच असं नाही.

मोराला मी हाकललं नाही त्या दिवशी.
दुसऱ्या दिवशी हाकललं. शेंगा शेवटी शेंगा आहेत.

दोऱ्याची भेंडी वाळत आली.
हलवली की आत बी वाजतं.
बाटली तुझीच, राख नवी घातली आहे.
तिथल्या थंडीत कुंडीत येईल का, ठाऊक नाही,
आणि आठ शिरा पुढच्या पिढीत टिकतात का, तेही नाही.

फेरीबोटीने भोंगा दिला.
वीज आहे तोवर पंप लावते.
काकडीचं पुढच्या वेळी सांगेन,
तिच्याबद्दल मी अजून रागात आहे.