श्वास रोखून धरा

फी नाही,
हे आईनं गावभर सांगितलं,
बेकरीत, दवाखान्याच्या रांगेत, बसच्या खिडकीशी,
जणू मी काहीतरी जिंकून आणलंय.

फी नाही, हे खरं.
पण पायसांदूत तिघींत एक खोली आहे, खिडकी नीट न लागणारी,
ग्विचोनपासून नव्वद किलोमीटरचं बसभाडं आहे,
आणि दोनदा नापास झालेलं भौतिकशास्त्र,
ज्याचे पैसे कुणी मागत नाही
आणि मी भरतेच आहे.

जुलै.
नदीवरून येणारी थंडी वाट न विचारता मणक्यात शिरते.
मारिसोल कांदे चिरते, मी मोजते :
बारा पाठीचे, पाच कमरेचे,
मनगटात आठ चिमुकली हाडं,
एक चंद्रकोरीचं, एक वाटाण्याएवढं.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
पण यांची नावं घेताना
तिचंही एखादं मोडेलसं वाटतं.
येर्बाचं कडू पाणी तुंब्यातून फिरतं,
तिघींत एक नळी, तिघींत एक सर्दी.

ओल्मेदो बाई हाडाच्या शिक्षिका.
म्हणजे खरोखरच. तीस वर्षं त्यांनी हाडंच पाहिलीत.
म्हणाल्या, बटण कुणीही दाबेल.
थंड पाटीला छाती लावून उभ्या माणसाला
'श्वास रोखा' म्हणाल ना,
तेव्हा दुसरं वाक्यही तुमच्याकडेच असतं.
आम्ही ते वहीत लिहून घेतलं,
खाली दोन रेघा ओढल्या,
आणि पान उलटलं.

मग ऑगस्टातला तो मंगळवार.
लिबोरिओ नावाचा म्हातारा,
संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये एक्केचाळीस हंगाम काढलेला.
सदरा काढला तरी टोपी सोडवेना,
म्हणून टोपी मी धरली.
तिच्या आतल्या पट्टीलाही संत्र्याचा वास.
खांदे पुढे, हनुवटी वर.
मी काचेमागे गेले.
भरून घ्या. रोखा.
दाबलं.

पडद्यावर उतरली माझी पहिली स्वच्छ छाती :
फासळ्या मोजून घ्याव्यात अशा,
गळपट्टीची हाडं अगदी समान,
हृदय जरासं डावीकडे कललेलं,
दार ऐकत असल्यासारखं.
मी पाहत राहिले.
कोपरे तपासले, खूण तपासली,
मनातल्या मनात मारिसोलला दाखवलंसुद्धा.

आत म्हातारा तसाच.
खांदे वर, गाल फुगलेले,
फळ्यापाशी उभं केलेल्या पोरासारखा,
कान लाल होत चाललेले.
मी सांगितलं नव्हतं.

ओल्मेदो बाई ओरडल्या नाहीत.
माझ्या हाताखालून हात घालून माइक दाबला :
'सोडा, सेन्योर. झालं.'
इतका मोठा श्वास मी पुस्तकात वाचला नव्हता.
मग तोच म्हणाला, माफी मागितल्यासारखं,
'मला वाटलं, अजून तुमचं काम चाललंय.'

टोपी परत देताना
माझ्याच्यानं काही बोलवलं नाही.
उजवीकडे वरती एक डाग होता.
त्यावर बोलायचा आम्हाला अधिकार नाही,
अहवाल दुसरं कुणी लिहितं, दुसऱ्या मजल्यावर.
तो जिना उतरून गेला
आणि मी पुढचं नाव पुकारलं.

डिसेंबरात भौतिकशास्त्र तिसऱ्यांदा.
यादी लागली तेव्हा ऊन असं होतं
की कागदावरचं नाव आधी दिसेचना.
आईला फोन केला.
'बघितलंस?'
मी म्हटलं, बघितलं.
आणि पलीकडे काहीच नाही,
बेकरीचा पंखा नाही, कुत्रं नाही,
अख्खं ग्विचोन खांदे वर करून उभं.

'आई, श्वास सोड,' मी म्हटलं, 'पास आहे.'
'सोडतेच आहे की गं, मूर्खे,' ती म्हणाली,
आणि मग बराच वेळ
पिठाच्या भावाबद्दल बोलत राहिली.