पेला

वानाद्झोरला, रसायन-कारखान्याच्या बंद फाटकासमोर
आरुस्याकचं दुकान: एक टेबल, एक खिडकी,
भिंतीशी कारखान्यातून आणलेली मापनयंत्रं,
प्रत्येकावर पिवळी पडलेली चिठ्ठी,
"अचूक. पुढील तपासणी मार्च १९९३."
सही तिचीच.

नोराइर आला तो खोकं काखोटीला मारून.
चाळीस सेल. बाजारात स्वस्तात मिळाले.
"मोजून घेतलेत," म्हणाला, आणि मीटर पुढे केला,
कोपरा उडालेला, काळी तार चिकटपट्टीनं सांधलेली.
एक पूर्णांक साठ. एक त्रेसष्ट. एक एकसष्ट.
"बघा. कोऱ्याहूनही कणभर जास्तच."

"जास्तच?"
तिनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
मग नळाखाली बादली सरकवली,
दहा आकडे मोजले, नळ बंद.
"धार किती होती, ठाऊक नाही. हा पेला ठाऊक आहे."
चहाच्या पेल्यानं बादली उपसत राहिली,
पातेल्यात ओतत, मोठ्यानं मोजत.
एकोणीस.

"याच्या पोटात एवढंच चालतं.
अनोळखी धार ठरल्या वेळेपुरती साठवायची,
ओळखीच्या मापानं उपसायची,
किती वेळा उपसलं, तो आकडा काचेवर.
सेकंदाला तीनदा, कुरकुर न करता."

पातेल्यातलं पाणी परत बादलीत.
कपाटातून तिनं काढला
तुतीच्या दारूचा चिमुकला पेला.
"आता याच्यानं. तू मोज."
नोराइर बत्तिसावर थांबला.
बादलीत अजून पाणी होतं.

तिनं मीटरचं पाठचं झाकण उघडलं.
नऊ व्होल्टची बॅटरी, कडेला हिरवट पूड.
"याचं स्वतःचंच संपत आलंय.
पेला आकसला,
म्हणून सगळ्यांचं भरलेलं दिसतं याला."

नवी बॅटरी. तेच सेल.
एक एकवीस. एक अठरा.
शेवटचा आकडा जरा हलत राहिला,
बाहेरून ट्रॉलीबस गेली तेव्हाही, नंतरही.
चाळिसावा होईतो
खिडकीतला उजेड गेला होता.

खोकं उचलून तो दारापर्यंत पोचला.
"किती दिलेस?"
त्यानं सांगितलं.
ती काहीच बोलली नाही, तारा गुंडाळत राहिली.

मग म्हणाली, "भिंतीवरच्या घड्याळाला एवढं पुरतं.
घड्याळ फार मागत नाही.
एकोणचाळीस घरं शोध."

आणि मानेनंच दाखवलं, वर,
पावणेपाचवर थांबलेलं.