चाळीस बाकी

मे महिना. मोहननगरातलं बंद खिडक्यांचं घर,
कूलरला नुकतंच पाणी घातलेलं, वाळा ठिबकतोय.
मिसेस मेबल रोझॅरिओ पलंगाखालून पेटी ओढतात.
"सगळं ओरिजिनल आहे," म्हणतात,
"क्लाइव्हनं कुणाला हात लावू दिला नाही."

मीही लगेच लावत नाही.
आधी नाक.
कापूर, जुनं मखमल, उंदरांची एक जुनी भेट
आणि त्याखाली ओळखीचं काहीतरी,
ज्याचं नाव सुचत नाही.

लेबल अर्धं कसरीनं खाल्लेलं.
उरलंय ते एवढंच: अँड सन्स, कलकत्ता.
किल्ल्या सहा. चार एका आईच्या, दोन सावत्र;
सावत्रांच्या शेजारी जुन्या स्क्रूंची भोकं,
आगपेटीच्या काड्या ठोकून बुजवलेली.
घोडीवरचं हाड पिवळं, बरोबर जागी,
पण घोडीच्या पायाभोवती केसाएवढी फिकट रेघ.
कधीतरी उचकटली होती,
परत बसताना अर्धं सूत सरकली.

मी वहीत लिहिते.
मेबलबाई वही वाचत नाहीत. माझ्या भुवया वाचतात.

मग वरच्या फळीच्या कडेला, कुणी पाहत नाही तिथे,
कापसावर स्पिरिटचा एक थेंब.
सात, आठ, नऊ.
बोटाला चिकटलं.
कारखान्याचं लॅकर स्पिरिटला एवढ्यात दाद देत नाही.
हा चपडा आहे. लाख.
गोंदियाकडच्या पळसाची, नाहीतर कुसुमाची.

"पडदा ओढता का जरा?"
नोटा तपासायचा जांभळा दिवा मी गिटारीवर फिरवते.
पाठ हिरवट, कच्च्या लिंबासारखी: ती कलकत्त्याची.
पोट मात्र सगळं नारिंगी पेटतं,
कळमन्याच्या बाजारात उन्हात ओतलेल्या
मृगबहाराच्या ढिगासारखं.
"किती सुंदर," मेबलबाई म्हणतात.
"हो ना," मी म्हणते, "तेच वाईट आहे."

पॉलिशचा हात दिव्यात लपत नाही.
गोल, गोल, मग आडवा आठ,
आणि काठाशी अंगठ्यानं ओढलेला एक फराटा,
डावखुऱ्याचा.
लकडगंजात डावखुरा पॉलिशवाला
माझ्या माहितीत एकच होऊन गेला.
"लाकूड खोटं बोलत नाई पोरी," तो म्हणायचा,
"वारनिस बोलते,"
आणि बोळा पुन्हा चपड्यात बुडवायचा.

दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा भोकातून आत.
फासळ्या, सरसाचे ओघळ, धुळीचा गालिचा.
वरच्या फळीला आतून पेन्सिलीची अक्षरं.
आरशात उलटी दिसतात, मी उलटी वाचते:
दा. निखारे. मे ७४. मिळाले १०. बाकी ४०.

त्या महिन्यात गाड्या उभ्या होत्या. पगारही.
क्लाइव्ह रोझॅरिओ, गुड्सचा गार्ड,
घरी बसून करणार तरी काय होता,
गिटारीवाचून.
आमच्या घरी त्या उन्हाळ्याबद्दल
एवढंच सांगत: वरण पातळ होतं.

"काय लिहिलंय आत?"
"कारागिराचं नाव."
"क्लाइव्ह कुणाला हात लावू द्यायचा नाही,"
त्या पुन्हा म्हणतात. या वेळी मला नाही,
रिकाम्या पेटीला.

वहीत: पाठ, बाजू, गळा मूळ.
वरच्या फळीला मागाहून पॉलिश.
दोन किल्ल्या बदललेल्या.
घोडी उचकटून बसवलेली, काम चांगलं.
"काम चांगलं" मी खोडलं.
मग शेजारी पुन्हा लिहिलं, जरा मोठ्या अक्षरात.
किंमत: त्यांच्या मनातल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी वर.
त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि चहा टाकायला आत गेल्या.

रबर खिशातच होतं. हातही भोकातून सहज जात होता.
स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत राहिला.

पुसलं नाही.
पुसलं असतं
तर किंमत आणखी उतरली असती.