धन्यवाद म्हटल्यावर

पायसांदूत जुलै म्हणजे हाडांत शिरणारी थंडी.
रोइंग क्लबच्या मागच्या खोलीत
छताला पालथ्या होड्या, त्यांच्याखाली आम्ही,
दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी.
थर्मास माझ्या काखेत. तुंब्यात कडू पाला, एकच नळी.
पाणी ओतणारा एकच असतो
आणि इथे पंचवीस वर्षं तो मी आहे.

नवीन माणसांसाठी नियम साधा:
तुंबा ज्याच्या हाती, त्याने बोलायचं.
नाव, यंत्र कुठलं,
आणि लिनक्सच्या वाटेला का आलात, तेही;
जमलं तर खरं.

नेलिदा एचेव्हेरी. कोर्टात टंकलेखिका, एकतीस वर्षं.
"दुकानदार म्हणाला, आजी, हे आता भंगारात घाला.
म्हटलं, भंगारात घालायचं वय तर माझंही झालंय,
कुणी घालतंय का?"
पेनड्राइव्ह तिने रुमालात बांधून आणला होता.
गाठ इतकी पक्की
की सोडवायला दात लावावे लागले.

वॉशिंग्टन ओलिवेरा. संत्र्यांचा ट्रक चालवतो.
नाव आजोबांनी ठेवलं, माझा दोष नाही, म्हणाला,
मग नळी ओढत राहिला तळ वाजेपर्यंत,
आणि लिनक्स का, ते सांगायचं राहूनच गेलं.

यामिला, सोळाची.
शाळेने दिलेला लॅपटॉप, झाकणावर मांजरांची चित्रं.
"मी तीनदा मोडलाय हा,"
असं तिने म्हणायचा अवकाश,
कोपऱ्यातली सगळी जुनी खोडं
खुर्च्या फरफटत तिच्याजवळ सरकली.

शेवटी दाराजवळचा.
उसनं वाटावं इतकं ढगळ जाकीट.
"यूस्नियेल. गाव ओल्गीन, क्यूबा.
आमच्याकडे सगळं डिस्कवरून यायचं, हातोहात.
सात महिने मी एकच पुस्तिका वाचली,
तिच्यात चाळिसावं पान नव्हतं.
त्या पानावर काय आहे, ते बघायला आलोय."
तुंबा परत देताना किंचित वाकला.
"धन्यवाद," म्हणाला.

आणि पुढच्या फेरीत
माझा हात त्याला ओलांडून गेला.
हाताची सवय. त्याला विचारावं लागत नाही.

नेलिदाने आज्ञा टाइप केली, दहा बोटांनी,
कोर्टाचा निकाल उतरवावा तशी.
पडदा गप्प.
"काय झालं?"
"झालं. काही बोललं नाही ना, म्हणजे झालं.
चुकलं तरच बोलतं ते."
"अगदी आमच्या ह्यांच्यासारखं," ती म्हणाली,
आणि वॉशिंग्टनला ठसका लागला.

तुंबा फिरत राहिला, तिसरी फेरी, चौथी.
दर वेळी यूस्नियेलचा हात मांडीवरून थोडा उठायचा
आणि तिथूनच वळून
केस सारखे करायचा.
मी पाहिलं ते. पाहिलं,
आणि पुढच्याला पाणी ओतलं.

नऊ वाजता तो पिशवी उचलून उठला, तेव्हा यामिलाच म्हणाली,
"ह्याला कुणीच का देत नाही?"
"त्याने धन्यवाद म्हटलं."
"तो क्यूबाचा आहे! त्याला काय ठाऊक!"

होड्यांखाली एकदम शांत झालं.
थर्मासचं झाकण फिरवत मी त्याला सांगितलं:
आमच्याकडे तुंबा परत देताना धन्यवाद म्हटलं
की त्याचा अर्थ, पुरे, आता मला नको.
तो माझ्याकडे बघत राहिला.
शब्द तोच, दोघांच्याही आईने शिकवलेला.
"म्हणजे दार मीच लावून घेतलं?"
"हो. आणि कडी आम्ही घातली."
"मग तो शब्द मागे घेता येतो?"

पाणी कोमट उरलं होतं, पाल्याची चव केव्हाच गेलेली.
तरी ओतलं.
तो उभ्यानेच प्यायला, तोंड वाकडं करत,
नळी तळाशी वाजेपर्यंत,
आणि ओठ घट्ट मिटून
तुंबा माझ्या हातात दिला.